दूध वेगळं ठेवता, मग शेणाचं काय?



आज गोठ्यातल्या एका नेहमीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. समजा, तुमच्या म्हशीची कास सुजली. एक सड दगडासारखा कठीण झाला, धारेत गाठी येऊ लागल्या. आपण याला दगडी म्हणतो, डॉक्टर कासदाह म्हणतात. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिले, सडात सोडायची नळी दिली आणि जाता जाता बजावले, "औषध चालू आहे तोवर आणि मी सांगेन तितके दिवस पुढेही या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं नाही, आणि घरातही घ्यायचं नाही." तुम्ही ते ऐकले, दूध वेगळे काढले. कारण औषध दुधात उतरते हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट लागत नाही, हेही कित्येक घरांतल्या बायकांनी पाहिलेले आहे.

आता त्याच सकाळी काय झाले ते पाहा. घरातल्या कोणीतरी पाटी घेतली, त्याच म्हशीचे शेण भरले आणि नेहमीप्रमाणे उकिरड्यावर नेऊन टाकले. गोबरगॅस असेल तर त्याच्या टाकीत कालवले. त्याबद्दल कोणी काही विचारले नाही आणि कोणी काही सांगितलेही नाही.

म्हणून आज मी विचारतो. दूध वेगळे ठेवता, मग शेणाचे काय?

प्रश्न साधा दिसतो. पण आपल्या जमिनीच्या कसाशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो समजण्यासाठी आधी शेणखत म्हणजे काय ते नीट पाहू.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात शंभर किलोला साधारण अर्धा किलो नत्र, पाव किलोच्या आतबाहेर स्फुरद आणि अर्धा किलो पालाश असते. म्हणजे एक टन खत शेतात गेले की सुमारे ५ किलो नत्र जाते. पण हे नत्र दुकानातल्या युरियासारखे झटकन पिकाला मिळत नाही. ते शेणातल्या आणि काडीकचऱ्यातल्या पदार्थांत गुंतलेले असते. पिकाच्या मुळाला ते तसेच्या तसे खाता येत नाही. गव्हाचे पोते घरात आहे, पण जाते नाही, चूल नाही, तर पोट कसे भरणार? तसेच हे आहे.

हे दळण्याचे आणि रांधण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. चिमूटभर मातीत ते कोट्यवधींनी असतात. काही जीवाणू आणि बुरशा काडी, पाचट, शेण कुजवतात. त्यातून नत्र अमोनियाच्या रूपाने मोकळे होते. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि तिसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पिकाच्या मुळांना सहज घेता येते. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे नत्र पालटणारे जीवाणू वेगळे काढून दाखवले. तोवर मातीत नायट्रेट कसे तयार होते याचा नीट उलगडा झालेला नव्हता.

एकाचे उष्टे दुसऱ्याने खायचे आणि दुसऱ्याचे तिसऱ्याने, अशी ही पंगत असते. मधली एक पंगत उठून गेली की पुढचे उपाशी राहतात. थोडक्यात, उकिरडा म्हणजे एक मोठे विरजण आहे. दह्याच्या विरजणात जिवंत जीवाणू असतात म्हणून दही लागते, आणि उकिरड्यात जिवंत जीवाणू असतात म्हणून खत तयार होते. ज्या औषधाने भांड्यातले विरजण बिघडते, ते औषध उकिरड्यात गेले तर तिथल्या विरजणाचे काय होईल?

या औषधांना आपण प्रतिजैविके म्हणतो. पेनिसिलिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, सल्फा जातीची औषधे, एन्रोफ्लॉक्सासिन ही नावे गुरांच्या दवाखान्यात ऐकू येतात. जीवाणूंना मारणे किंवा त्यांची वाढ रोखणे, हेच त्यांचे काम. कासेतला जीवाणू वाईट आणि उकिरड्यातला चांगला, हा भेद औषधाला कळत नाही.

पण औषध तर म्हशीच्या अंगात गेले, ते शेणात कसे आले? पुष्कळांना वाटते, की दुखणे बरे झाले म्हणजे औषध संपले. तसे नसते. बऱ्याच प्रतिजैविकांचा मोठा भाग, कित्येकदा निम्म्याहून अधिक, अंगातून जसाच्या तसा शेण-मुतावाटे बाहेर पडतो.

थोडा हिशेब करून पाहू. हा केवळ समजुतीसाठी आहे. औषधाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ऑक्सिटेट्रासायक्लिन साधारणपणे दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम देतात असे धरा. पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला ५ ग्रॅम झाले. पाच दिवसांत २५ ग्रॅम. त्यातले निम्मे जरी बाहेर पडले, तरी साडेबारा ग्रॅम औषध शेणात आणि मुतात आले. साडेबारा ग्रॅम म्हणजे मुठीत मावेल एवढी पूड. पण जीवाणूंच्या जगात ग्रॅम हे फार मोठे माप आहे. त्यांची वाढ रोखायला मिलिग्रॅमचा अंशही पुरतो.

सल्फा औषधांची आणखी एक गंमत सांगतो. जनावराचे शरीर यांतल्या काही औषधांना एक रासायनिक टोपी घालते आणि ती टोपी असेपर्यंत औषध निकामी राहते. पण शेण-मूत साठवून ठेवले की त्यातले जीवाणू ती टोपी काढून टाकतात आणि औषध पुन्हा कामाला लागते. वैरी बांधून बाहेर काढावा आणि आपल्याच माणसाने त्याची गाठ सोडावी, तसा हा प्रकार आहे.

इथे एखादा जाणता श्रोता अडवील. तो म्हणेल, "अहो, ही औषधं मुळात मातीतलीच ना? मग मातीला त्यांचं भय कसलं?" शंका रास्त आहे. अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शात्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधले, ते मातीतल्या जीवाणूपासूनच. त्या कामाबद्दल वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मातीतले जीव एकमेकांशी झगडताना अशी द्रव्ये सोडतात, हे खरे. पण ते अगदी कणभर असते आणि आपल्या जागेपुरते असते. शेजाऱ्याशी बांधावरून झालेली बोलाचाली वेगळी आणि गावावर सैन्य चालून येणे वेगळे. इंजेक्शनातून येणारे औषध हे सैन्य आहे.

या औषधांशी माझे वैर नाही, हेही सांगून ठेवतो. १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून. या औषधांनी किती माणसे आणि किती जनावरे वाचली याला गणती नाही. आजारी म्हशीला औषध द्यायलाच हवे. आपल्याला बोलायचे आहे ते औषध दिल्यानंतरच्या कर्तव्याबद्दल.

आता शेणातल्या औषधाचा माग काढू. ते तीन ठिकाणी जाते. उकिरड्यात, गोबरगॅसच्या टाकीत आणि शेतात.

पहिला उकिरडा. औषधाचा अंश पुष्कळ असेल तर कुजण्याची पहिली पायरी मंदावू शकते. ढीग नीट तापत नाही, काडी तशीच राहते. पण यात एक दिलासाही आहे. एका म्हशीचे आठ-दहा दिवसांचे शेण म्हणजे सुमारे दीडशे किलो. ते वर्षभराच्या चार-पाच टनांच्या ढिगात मिसळले की औषध पातळ होते. म्हणून दोन-चार जनावरांच्या गोठ्यात एका आजारपणाने उकिरडा मरत नाही. जिथे शंभर गाई एकत्र आहेत किंवा हजारो कोंबड्यांना एकदम पाण्यातून औषध जाते, तिथे मात्र पातळ व्हायला जागाच नसते.

दुसरी गोबरगॅसची टाकी. गॅस तयार करणे हेही पंगतीचेच काम आहे. पहिले जीवाणू शेण फोडून त्याची आम्ले करतात आणि दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन करतात. औषधाचे प्रमाण जास्त झाले तर ही साखळी तुटते आणि गॅस कमी येऊ शकतो. गॅस कमी झाला की तो औषधानेच, असे मात्र म्हणू नका. थंडी पडली, पाण्याचे प्रमाण चुकले, तरी तेच होते. पण गोठ्यात औषध चालू होते का, हेही अशा वेळी आठवून पाहावे.

उलट, उघड्यावर पडलेल्या शेणाच्या पोत काय होते पाहा. फिनलंड देशात गाईंना टेट्रासायक्लिन देऊन त्यांच्या शेणाचा अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या गाईंच्या शेणातून मिथेन जास्त निघाला. शेणात राहणाऱ्या भुंग्यांच्या पोटातले जीवाणूही बदललेले आढळले. मिथेन करणारे सूक्ष्मजीव जीवाणूंपेक्षा वेगळ्या कुळातले असतात आणि हे औषध त्यांना तितके बाधत नाही; म्हणून त्यांचे फावले असावे, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. म्हणजे मिथेन चुलीसाठी हवा तिथे कमी पडण्याचे भय, आणि उघड्यावर नको तिथे जास्त!

तिसरे ठिकाण शेत, आणि खरी काळजी तिथली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कासदाहावर देतात त्या दोन औषधांपैकी एकेक दिलेल्या गाईंचे शेण आणि औषध न दिलेल्या गाईंचे शेण, अशी तुलना करून जमिनीत काय फरक पडतो ते पाहिले. औषध दिलेल्या गाईंच्या शेणाने मातीतल्या जीवाणूंची आणि बुरशांची वाटणी बदलली. नत्राची ये-जा बदलली. आणि पिरलिमायसिन नावाचे औषध दिलेल्या गाईंच्या शेणाच्या बाबतीत, झाडांनी नुकताच हवेतून घेतलेला कर्ब जवळजवळ दुप्पट प्रमाणात पुन्हा हवेत निघून गेला.

शेतकरी बंधूंनो, हा कर्ब म्हणजे जमिनीची शिल्लक. सेंद्रिय कर्ब असला की जमीन पाणी धरते, भुसभुशीत राहते, खत धरून ठेवते. आपल्या महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत तो आधीच कमी आहे. आपण शेणखत घालतो ते ही शिल्लक वाढावी म्हणून. त्याच शेणातल्या औषधाने शिल्लक खर्ची पडू लागली, तर एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे होईल. जर्मनीतही डुकरांच्या मलमूत्राबरोबर सल्फाडायझिन मातीत मिसळून प्रयोग झाले. तिथेही मातीतल्या जीवांचे काम आणि नत्राची स्थित्यंतरे यांत फरक पडलेला दिसला. हे प्रयोग थंड मुलखातले आहेत. आपले ऊन वेगळे, आपली माती वेगळी, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावायचे नाहीत. पण औषध गोठ्याच्या दारात थांबत नाही, हा धडा सगळीकडे सारखाच.

सगळी औषधे सारखी वागत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. पेनिसिलिन लवकर मोडते. टेट्रासायक्लिन चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटते; उन्हात मात्र ते मोडते. एन्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे मातीला चिकटून फार दिवस टिकतात. सल्फा औषधे तितकी चिकटत नाहीत, म्हणून पाण्याबरोबर खाली किंवा ओढ्याकडे जाऊ शकतात. आपली काळी माती चिकण असते, ती औषध धरून ठेवते. त्यामुळे विहिरीकडे जाणारे औषध अडते; पण ते दरवर्षी थोडे थोडे साचण्याचीही शक्यता राहते.

मग हे औषध पिकात येते का? मिनेसोटा राज्यात कुंड्यांत केलेले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मका, कांद्याची पात आणि कोबी यांनी खतातले क्लोरटेट्रासायक्लिन थोडे शोषून घेतलेले आढळले. प्रमाण फार कमी होते. घाबरून भाजी टाकून देण्याचे कारण नाही, पण कच्च्या शेणावर पालेभाजी आणि कोथिंबीर लावू नये याला हे आणखी एक कारण झाले.

आणि एक गोष्ट जमिनीइतकीच माणसाच्या जिवाशी निगडित आहे. औषधाचा थोडा थोडा मारा सतत बसला की काही जीवाणू त्याला जुमानेनासे होतात. हा चिवटपणा ते आपल्या पिल्लांना तर देतातच, पण शेजारच्या वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. मग उकिरड्यात तयार झालेला चिवटपणा फिरत फिरत आपल्या घरात येतो आणि एके दिवशी घरातल्या लेकराला ताप आला तर नेहमीचे औषध लागू पडत नाही. म्हणूनच जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने कोलिस्टिन हे औषध दुभत्या-मांसाच्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, मत्स्यपालनासाठी आणि पशुखाद्यात वापरण्यास बंदी घातली. माणसाला इतर औषधे लागू पडत नाहीत तेव्हा शेवटचा आधार म्हणून ते राखून ठेवायचे आहे. युरोपातल्या स्वीडनने तर वाढीसाठी चाऱ्यात प्रतिजैविके मिसळणे १९८६ सालीच बंद केले, आणि २००६ पासून साऱ्या युरोपीय संघात ते बंद झाले.

गिधाडांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. एकेकाळी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. मग ती दिसेनाशी झाली. २००४ साली उलगडा झाला, की जनावराला दुखण्यावर दिलेले डायक्लोफिनॅक मेल्यानंतरही त्याच्या अंगात उरते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. ते प्रतिजैविक नव्हते, वेदना कमी करणारे औषध होते. पण धडा तोच आहे. गिधाडे निसर्गाचे सफाई कामगार होते. उकिरड्यातले जीवाणूही सफाई कामगारच आहेत. गिधाडे गेलेली डोळ्यांना दिसली. जीवाणू गेले तर कोणाला दिसणार?

असो. भीती पुरे झाली, आता उपाय पाहू. ते आपल्या हातातले आहेत आणि फार खर्चाचे नाहीत.

पहिला उपाय, औषधाची गरजच कमी करायची. गोठा कोरडा ठेवा. धार काढण्याआधी कास आणि हात धुवा. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते, म्हणून म्हैस लगेच बसू नये यासाठी पुढ्यात थोडी वैरण टाका. लसी वेळेवर टोचून घ्या. ज्या म्हशीला दगडी झाली नाही, तिच्या शेणाची चिंताच नाही.

दुसरा, औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. दुकानातून बाटली आणायची आणि आपल्या मनाने टोचायची, बरे वाटले की दोन दिवसांत बंद करायची, हे सोडून द्या. अर्धवट औषधाने रोग राहतो आणि चिवटपणा वाढतो. डॉक्टर आले की दुधाबद्दल विचारता तसेच विचारा, "डॉक्टरसाहेब, याचा अंश शेणात किती दिवस येईल?"

तिसरा, औषध चालू असेपर्यंत आणि ढोबळ मानाने पुढचे आठ-दहा दिवस त्या जनावराचे शेण-मूत वेगळे ठेवा. ते गोबरगॅसमध्ये घालू नका. जीवामृतासाठी तर मुळीच घेऊ नका. जीवामृतात शेण घालायचे ते त्यातल्या जिवंत जीवाणूंसाठी, आणि जीवाणू मारणारे औषध असलेलेच शेण त्यात घालणे म्हणजे विरजणात मीठ टाकण्यासारखे आहे. मग त्याचे काय करायचे? एरवी मी सांगतो की गोवऱ्या थापू नका, शेण जाळणे म्हणजे खत जाळणे. पण या आठ-दहा दिवसांपुरत्या खुशाल थापा. ऊन आणि आग दोन्ही त्या औषधाला मारतील. किंवा ते शेण काडीकचऱ्यात मिसळून त्याचा वेगळा ढीग करा.

आणि ते वेगळे काढलेले दूध? ते वासराला पाजू नका आणि उकिरड्यावरही ओतू नका. सडात सोडलेले औषध सर्वांत जास्त त्याच दुधात असते. विहिरीपासून, ओढ्यापासून दूर खड्डा करून त्यात ओता आणि मातीने झाका. रिकाम्या बाटल्या आणि सुया उकिरड्यात टाकू नका. त्या डॉक्टरांकडे परत द्या.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा. शेण कच्चे वापरू नका, ते नीट कुजवा. नीट कुजवताना ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. या उष्णतेत आणि जीवाणूंच्या धुमाळीत पुष्कळशी औषधे मोडतात, रोगजंतूही मरतात. मिनेसोटातच टर्कीच्या खतावर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. महिनाभराच्या आत-बाहेर क्लोरटेट्रासायक्लिन जवळजवळ सगळे नाहीसे झाले. दुसरी दोन औषधे निम्म्याहून अधिक गेली. सल्फामेथाझिन मात्र तसेच राहिले. तेव्हा कुजवणे हा रामबाण नव्हे, पण आपल्या हातातला सर्वांत चांगला उपाय नक्कीच आहे.

कुजवायचे कसे? ही विद्या आपल्याला परकी नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप टाकी तर आपल्या गावोगावी आहे. पद्धत कोणतीही घ्या, तत्त्व एकच. नुसते शेण रचू नका; त्यात पाचट, धसकटे, पालापाचोळा, भुसा मिसळा. ढीग निदान कमरेइतका उंच करा, नाहीतर तो तापत नाही. ओल अशी असावी, की मूठभर खत पिळले तर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये. पंधरा दिवसांनी ढीग फावड्याने उलटा, म्हणजे बाहेरचे आत आणि आतले बाहेर जाईल. असे तीनचार वेळा करा. ढीग तापला की नाही ते पाहायला लोखंडी गज आत खुपसून काही वेळाने बाहेर काढा. तो हाताला चटका देण्याइतका तापला तर समजा काम चालू आहे. काळेभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचे खत झाले की मगच शेतात न्या.

पाचवा उपाय विकत घेतलेल्या खताचा. आपल्याकडे द्राक्षबागांना आणि उसाला कोंबडीखत घालतात. त्यात शेणखतापेक्षा नत्र पुष्कळ जास्त असते, म्हणून त्याला मागणी आहे. पण गाडी उतरवून घेताना विचारा, कोंबड्यांना कोणते औषध दिले, कधी दिले. उत्तर मिळो न मिळो, ते खत ताजे घालू नका. भुसा-पाचट मिसळून, ओल देऊन, दोन-तीन महिने कुजवून मगच घाला. विचारणारे गिऱ्हाईक वाढले की विकणाराही सावध होतो.

आता शेवटचे दोन शब्द गुरुजींसाठी. ही गोष्ट मुलांना पाठ करून नको, हाताने करून दाखवा. पांढऱ्या सुती कापडाचे सारख्या मापाचे तीन तुकडे घ्या. एक शाळेच्या अंगणातल्या कडक जमिनीत पुरा, दुसरा बागेतल्या खतवलेल्या मातीत आणि तिसरा कुजत्या ढिगाच्या कडेला. तिन्ही जागी ओल ठेवा. सहा आठवड्यांनी तुकडे काढून शेजारी शेजारी मांडा. जिथे जीवाणू आणि बुरशा जोमात आहेत, तिथल्या कापडाची चाळण झालेली दिसेल. मुले म्हणतील, "गुरुजी, कापड कोणी खाल्लं?" तोच तुमच्या धड्याचा आरंभ. या प्रयोगात औषध मात्र मिसळू नका, आणि नंतर सर्वांचे हात साबणाने धुवून घ्या. मग मुलांना घरी एक प्रश्न विचारायला सांगा, की आपल्या गोठ्यातले जनावर आजारी पडले तर त्याचे शेण कुठे जाते? मोठ्यांचे ऐकून जे होत नाही, ते कित्येकदा लेकराने विचारल्यावर होते.

मंडळी, आपल्या वाडवडिलांकडे रासायनिक खते नव्हती, तरी जमीन पिकत होती. शेतातले गुराच्या तोंडी, गुराचे उकिरड्यात आणि उकिरड्यातले पुन्हा शेतात, असा तो फेरा होता. त्या फेऱ्यात बाहेरचे औषध आले नव्हते. आज ते आले आहे आणि ते हवेही आहे. पण फेरा फिरवणारे जीव तेच जुने आहेत. गोठ्यात आजारी जनावर असेल तेव्हा एक पाटी वेगळी ठेवावी, एवढीच आजची विनंती.

उद्या सकाळी गोठ्यात जाल, तेव्हा दुधाच्या चरवीबरोबर त्या पाटीकडेही एकदा पाहा.